वेगाची हौस आणि डोक्याची काळजी

माझी धाकटी बहीण कुरुलला दिलेली आहे. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर एका सकाळी ती दवाखान्यात आली ती रडतच. म्हणाली, "दादा, ह्याला तूच समजव. मद्रासला जाऊन मोटारसायकल पळवायची म्हणतोय. मागच्या साली एक पोरगं गेलं, तरी ह्याची हौस फिटंना."

'हा' म्हणजे माझा भाचा. वय २३, शिक्षण आयटीआय, आणि मोटारसायकल म्हणजे जीव की प्राण. मी त्याला बोलावून घेतले ते चार शब्द सुनवायलाच. त्याने सगळे खाली मान घालून ऐकले आणि शेवटी म्हणाला, "मामा, शर्यत नाही ती. ट्रॅक-डे म्हणतात. तुम्ही निस्तं बघायला तरी चला. तिथं समोरनं कोण येत नाही, मधी कुत्रं येत नाही, आन् पडलं तर उचलायला माणूस उभा असतो."

त्याच्या या शेवटच्या वाक्याने मी गप्प झालो. का झालो, ते वाचकांना सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ती रात्र

बहिणीने ज्या पोराचा उल्लेख केला तो माझ्या भाच्याचा मित्र. त्याचे नाव इथे घेत नाही. हायवेवर रात्री पैज लावून गाड्या पळवताना तो दुभाजकाला घासून पडला. हेल्मेट नव्हते. पाच-सात मिनिटे शुद्ध नव्हती. मित्रांनी तोंडावर पाणी मारले, तो उठून बसला. रात्री साडेदहाला त्याला माझ्याकडे आणले. मी भुवईवर टाके घातले. तो नीट बोलत होता. माझ्याच घरचा चहा प्यायला. मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता सोलापूरला जाऊन डोक्याचा सीटी स्कॅन करा." तो म्हणाला, "सकाळी जातो डॉक्टर. आत्ता घरी कळलं तर वडील सोलून काढतील." मी चिठ्ठी लिहून दिली आणि त्याला जाऊ दिले.

पहाटे तीनच्या सुमारास तो घोरू लागला. घरच्यांना वाटले, दमून झोपलाय. सकाळी हलवले तर जागा होईना. सोलापूरला नेला, शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता.

वैद्यकशास्त्रात हा प्रकार चांगला माहीत आहे. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. मार बसून ती फाटली की कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. सुरुवातीला ते थोडे असते, म्हणून माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चालतो, जेवतोसुद्धा. काही तासांत मेंदूवर दाब वाढतो आणि तो पुन्हा बेशुद्ध होतो. मधल्या चांगल्या वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असे रुग्ण बहुधा वाचतात. हे सारे मला कॉलेजपासून पाठ होते. मी सल्ला बरोबर दिला होता. पण सल्ला देणे वेगळे आणि रुग्णाला थांबवून ठेवणे वेगळे. त्या रात्री मी त्याला थांबवले नाही.

हा ट्रॅक-डे काय असतो?

तेव्हा भाच्याला नाही म्हणण्याऐवजी मी त्याच्याबरोबर जायचे ठरवले. नुसते बघायला म्हणून नव्हे, तर नाव घालूनच. वय ४८, रोजची गाडी स्कूटर. सौभाग्यवतींनी मला वेड्यात काढले, हे सांगायला नकोच.

ट्रॅक-डे म्हणजे हौशी लोकांनी ठराविक फी भरून, बंद ट्रॅकवर, देखरेखीखाली आपली किंवा भाड्याची मोटारसायकल चालवण्याचा दिवस. इथे नंबर काढत नाहीत, बक्षीस नसते. चालवणाऱ्यांचे तयारीनुसार गट पाडतात आणि एकेका गटाला पंधरा-वीस मिनिटांसाठी आत सोडतात. नवशिक्यांबरोबर शिकवणारे असतात.

आपल्या देशात अशा मोठ्या ट्रॅकची ठिकाणे मोजकीच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. त्याआधी त्या क्लबच्या शर्यती शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर होत. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ साली झाला, लांबी ५.१२५ किलोमीटर. तिथे २०२३ च्या सप्टेंबरात जागतिक दर्जाची मोटोजीपी शर्यतही झाली. महाराष्ट्रही या छंदात मागे नाही. कोल्हापूरला मोहित्यांच्या अकादमीच्या ट्रॅकवर गो-कार्टिंगचे खेळाडू तयार झाले, आणि पुण्याला बालेवाडीत जानेवारी २०२४ मध्ये मातीच्या ट्रॅकवरची सुपरक्रॉस लीग झाली.

आम्ही चेन्नईची निवड केली, कारण सोपे होते. मुंबई–चेन्नई लोहमार्ग आपल्या मोहोळवरूनच जातो. सोलापूरला गाडीत बसलो, दुसऱ्या दिवशी अरक्कोणमला उतरलो. बरोबर लांबोटीचा चिवडा होताच.

आधी तपासणी माणसाची

जाण्यापूर्वी मी भाच्याची आणि स्वतःची तपासणी केली: रक्तदाब, साखर, डोळे आणि माझ्या वयामुळे ईसीजी. कुणाला हा छंद करायचा असेल त्याने एवढे करावेच. फिट्स येत असतील, मध्ये कधी चक्कर येऊन पडला असाल, छातीत दुखत असेल, किंवा मानेचा त्रास असून हाताला मुंग्या येत असतील तर या वाटेला जाऊ नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडीवर बसू नये, कारण साखर अचानक उतरली तर लक्ष उडते. सर्दी-खाजेच्या पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते, त्या आदल्या रात्रीपासून बंद. दारूचा तर प्रश्नच नको. रात्रीची दारू सकाळी पूर्ण उतरलेली असतेच असे नाही. आणि झोप पुरी हवी. आम्ही रेल्वेचा शीण घालवायला एक मुक्काम जास्त केला.

महिनाभर रोज सकाळी व्यायाम केला. बैठका, पोटाचे व्यायाम, मानेचे हलके व्यायाम आणि भरभर चालणे. मोटारसायकल बसून चालवायची, तिला व्यायाम कशाला, असे मलाही वाटत होते. ट्रॅकवर पहिल्या दहा मिनिटांतच तो समज गेला.

ट्रॅकवरचा दिवस

सकाळी आधी गाड्यांची तपासणी झाली. ब्रेक, टायर, चेन, तेलगळती, सगळे पाहिले. आरसे काढले, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पडल्यावर काचा विखरू नयेत. मग आमची तपासणी. तोंड झाकणारे पूर्ण हेल्मेट, जाड चामड्याचा अंगभर पोशाख, पाठीच्या कण्याला आधार, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट. बोटातल्या अंगठ्या काढायला लावल्या. मग झेंड्यांचा धडा. पिवळा म्हणजे पुढे धोका, सावकाश, कुणाला ओलांडायचे नाही. लाल म्हणजे सत्र बंद, हळूहळू परत या. चौकटीचा म्हणजे वेळ संपली. एका कडेला रुग्णवाहिका उभी होती आणि शेजारी डॉक्टर. ती जागेवर नसेल तर गाड्या सोडत नाहीत, असे आम्हांला सांगण्यात आले.

पहिल्या सत्रात मी हँडल असे आवळून धरले होते की बाहेर आल्यावर बोटे उघडेनात. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे झाले होते. नाडी मोजली तर मिनिटाला १४०. शिकवणारा तरुण हसून म्हणाला, "सर, गाडीशी भांडू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल सोडा, आणि जिथे जायचे आहे तिकडे बघा." हे शेवटचे फार मोलाचे. माणूस घाबरला की ज्या वस्तूची भीती वाटते तिच्याकडेच टक लावतो, आणि गाडी नजरेमागे जाते. खड्डा चुकवायला जावे आणि नेमके खड्ड्यातच पडावे, असे आपल्या रस्त्यांवर होते त्याचे एक कारण हेच.

चामड्याच्या पोशाखात घामाच्या धारा लागतात. दर सत्रानंतर मीठ-साखरेचे पाणी प्यायलो. तहान लागेपर्यंत थांबू नये. अंगातले पाणी कमी झाले की आधी लक्ष कमी होते आणि मग चूक होते. दुपारी पोट भरून जेवू नये. केळी, थोडा भात-ताक पुरे.

भाचा पडला

तिसऱ्या सत्रात भाचा पडला. वळणातून बाहेर पडताना घाईने वेग दिला, मागचे चाक सरकले, आणि तो गाडीपासून सुटून घसरत बाहेरच्या मोकळ्या जागेत गेला. मी कडेला उभा राहून पाहत होतो. पोटात गोळा आला. पण पुढच्या काही क्षणांत जे घडले ते मी विसरणार नाही. झेंडेवाल्याने पिवळा झेंडा दाखवला, लगेच लाल निघाला, साऱ्या गाड्या सावकाश झाल्या आणि दोन मिनिटांत रुग्णवाहिका त्याच्याजवळ. त्याला कुणी ओढून उठवले नाही, कुणी पाणी पाजले नाही, कुणी हेल्मेट खसकन काढले नाही. आधी मान धरली, बोलते केले, हातपाय हलवायला सांगितले.

त्याला काही झाले नव्हते. चामड्याचा खांदा घासला होता, हेल्मेटच्या मागे एक मोठा ओरखडा होता. तिथल्या डॉक्टरांनी वार विचारला, ठिकाण विचारले, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले, एका सरळ रेषेत चालवले. सगळे बरोबर. तरी ते म्हणाले, "आज गाडी नाही. इथे बसायचे. मी बघणार." भाच्याने हुज्जत घातली. पैसे भरलेत, दोन सत्रे राहिलीत, मला काही होत नाही. डॉक्टरांनी शांतपणे त्याच्या मनगटावरची प्रवेशपट्टी कात्रीने कापली आणि त्याला आपल्याजवळच्या खुर्चीवर बसवून घेतले.

मी ती कात्री बघत राहिलो. त्या रात्री माझ्याकडे नव्हते ते हेच. ज्ञान माझ्याकडेही होते. "जाऊ देणार नाही" हे शब्द मी उच्चारले नव्हते.

ट्रॅकवर धोका नाही काय?

आहे. मी कुणाची दिशाभूल करणार नाही. याच चेन्नईच्या ट्रॅकवर ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळूरूचा १३ वर्षांचा मुलगा शर्यतीत पडून डोक्याच्या दुखापतीने गेला. व्यवस्था सारी असूनही गेला. म्हणून लहान मुलांना वेगाच्या गाडीवर बसवण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय मोटारीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी यांतले नुकसान धरत नाहीत, आणि आरोग्याच्या पुष्कळ विम्यांत धाडसी खेळ वगळलेले असतात. आपली पॉलिसी आधी वाचून घ्या. खर्चही शेतकरी घराला विचार करायला लावणारा आहे.

पण हायवेवरची पैज आणि हा ट्रॅक यांची तुलना होऊ शकत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. संकट दिसून ब्रेकवर हात जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच २८ मीटर संपले. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ट्रॅकवर तेवढी मोकळी जागा ठेवलेली असते. आपल्या रस्त्यावर त्या जागेत उसाची ट्रॉली उभी असते, मागे दिवा नसलेली.

हेल्मेटची गोष्ट

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या माराने सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनाला लागला. त्यांनी लष्करातल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचा उपयोग दाखवून दिला. आज आपण जे हेल्मेट घालतो त्यामागे त्या डॉक्टरांची खंत आहे. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००८ साली जो आढावा निघाला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले.

हेल्मेट काम करते ते आतल्या थर्माकोलसारख्या थरामुळे. तो चेपतो आणि मार थोडा लांबवून घेतो. एकदा चेपला की त्याचे काम संपले. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. भाच्याचे हेल्मेट आम्ही तिथेच टाकून दिले. घेताना आयएसआय खूण पाहा, डोक्याला घट्ट बसते का पाहा, आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचते.

हे कापून ठेवा

कुणीही गाडीवरून पडून डोक्याला मार लागला तर:

१. रहदारी थांबवा. मान हलवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

२. हेल्मेट ओढू नका. श्वास अडत असेल तरच, दोघांनी मिळून काढा. एकाने मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने सावकाश हेल्मेट सरकवायचे.

३. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली संरक्षण दिले आहे. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीवर ठरवलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार होऊ शकतात. पैशासाठी थांबू नका.

४. क्षणभरही शुद्ध गेली असेल, अपघात आठवत नसेल, वारंवार उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, कान-नाकातून पाणी किंवा रक्त येत असेल, बोलणे अडखळत असेल, एक बाहुली मोठी दिसत असेल, तर मोठ्या रुग्णालयात त्याच वेळी. सकाळी नव्हे.

५. यांतले काहीच नसले तरी पहिले २४ तास त्याला एकटे सोडू नका, आणि त्या दिवशी गाडी देऊ नका. नेहमीपेक्षा वेगळे घोरणे ही झोप समजू नका.

परत आल्यावर

भाचा आता पुन्हा जायचे म्हणतो, आणि बहिणीने नाखुशीने का होईना, होकार दिला आहे. पण तो हायवेवर मात्र साठच्या वर जात नाही. मित्र चिडवतात, "काय रे, मद्रासला जाऊन आला आन् हितं बैलगाडी चालवतो?" तो म्हणतो, "तिथं समोरनं कोण येत नाही. हितं ऊस येतो."

आणि मी? माझ्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत एक लाकडी बाक आहे. गेल्या वर्षभरात डोक्याला मार लागलेली बरीच पोरे आली. ज्यांना पाठवायला हवे होते त्यांना मी वडिलांना फोन करून, गाडी बोलावून, समोर बसवून सोलापूरला धाडले. दोघे असे होते की पाठवण्याजोगे काही दिसत नव्हते, पण घरी लक्ष ठेवायला कुणी नव्हते. त्यांना मी रात्रभर त्या बाकावर ठेवले आणि दर तासाला उठवून नाव-गाव विचारले. दोघेही सकाळी ठणठणीत निघाले. जाताना पुटपुटत गेले, की डॉक्टरांनी उगाच झोपमोड केली.

त्यांनी खुशाल पुटपुटावे. माझी त्याला हरकत नाही.